वासूकाका आणि पाण्यातली हवा

रत्नागिरीत मासे तळायला बंदी असलेलं एकच घर मला माहीत आहे, आणि ते घर जन्मभर मासे मारलेल्या माणसाचं होतं.

वासुदेव पिलणकर. आम्ही सगळे त्यांना वासूकाका म्हणायचो. मिरकरवाड्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची दोन मजल्यांची जुनी इमारत. वर वासूकाका, त्यांची बायको नलूकाकी आणि काकांची म्हातारी आई, खाली मी. मी मूळची साताऱ्याकडची. इथल्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला आले आणि राहिले. त्यामुळे इमारतीत मला नाव नव्हतं. मी ‘मॅडम’ होते.

काका होडीवर तांडेल होते. जाळं कुठं टाकायचं, कधी ओढायचं, परत कधी फिरायचं हे तांडेलानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी समुद्र सोडला, पण समुद्राच्या सवयी जमिनीवर तशाच राहिल्या. ते बोलायचे ते वाऱ्यातून पलीकडच्या होडीला ऐकू जाईल असं. त्यांनी नलूकाकींकडे चहा मागितला की कोपऱ्यावरचा टपरीवालाही मान वर करायचा. जिना उतरताना पाय फाकवून, कठड्याला न धरता, जिनाच हलतोय अशा बेतानं उतरायचे. घराबाहेर पडताना दारात थांबायचे, एक बोट तोंडात ओलं करून वर धरायचे आणि वारा कुठला आहे ते बघायचे. कोथिंबीर आणायला जातानाही. वारा पडलेला असला तर कोथिंबीर आणायची नाही असं काही नव्हतं, पण बघितल्याशिवाय पाऊल बाहेर पडत नसे.

“हवा काय म्हनते ती बगायला नको?” असं विचारायचे. त्यांच्या बोलण्यात सगळं हवेवर यायचं. लग्न मोडलं, हवा फिरली. सून रुसली, हवा कोंडली. मी कॉलेजातून दमून आले की वरून आवाज यायचा, “मॅडम, हवा गेलेली दिसते आज!”

या माणसाच्या घरी काचेच्या पेटीतले मासे आले ते ठाण्याच्या एका घरमालकामुळे. काकांची मुलगी शीतल ठाण्यात नोकरीला. तिनं हौसेनं मत्स्यपेटी ठेवली होती. मग ती घर बदलून गेली आणि नवे घरमालक निघाले कट्टर शाकाहारी. त्यांनी पेटी बघितली आणि सांगितलं, या घरात मासे चालणार नाहीत. शीतलनं परोपरीनं सांगितलं, की हे मासे खायचे नाहीत, बघायचे आहेत. मालक म्हणाले, “आज बघायचे, उद्या काय भरवसा? तुम्ही रत्नागिरीच्या.”

तेव्हा पेटी, मासे, दिवा, हीटर आणि हवा सोडायचा पंप, सगळं टेम्पोत घालून गावी आलं. काकांनी दारातच हात वर केले. “शितल, आपल्याकडं मासे ठेवतात ते बर्फात. ह्ये पान्यात ठेवलेलं मी काय करू?”

“काही करायचं नाही बाबा. दोन वेळा चिमूटभर खाणं द्यायचं. ऑक्सिजनकडे लक्ष ठेवायचं. बास.”

त्या ‘बास’नं पुढची काही वर्षं खाल्ली.

काकांच्या आईला सगळे बाय म्हणत. बाय आयुष्यभर मच्छी मार्केटात पाटी लावून बसलेली. पाठीतून वाकली होती, पण रोज एकदा मार्केटात जाऊन भाव ऐकून यायची. घ्यायचं काही नसलं तरी. तिनं पेटीसमोर पाट मांडला आणि डोळे बारीक करून आत बघितलं. निळ्यालाल पट्ट्यांचे बोटाच्या पेराएवढे निऑन, दोन-चार नारिंगी गप्पी, आणि मधोमध पंख पसरून सावकाश फिरणारा एक चपटा, काळ्या पट्ट्यांचा एंजल.

“ह्ये केवडे होतील?” बायनं विचारलं.

“एवढेच, आजी,” शीतल म्हणाली.

“एवडेच?” बाय वळून मुलाकडे बघत म्हणाली, “वासू, वाट्याला पन याचे नाय रे.” आणि पाट उचलून आत निघून गेली.

पहिले काही दिवस बरे गेले. मग ऐन मे महिन्यात, मी सकाळची दात घासत असताना काका धडाधड खाली आले. बोट ओलं करायलाही थांबले नव्हते.

“मॅडम, वर चला. ते बोलतायत.”

“कोण?”

“मासे. सगले वर येऊन बोलतायत.”

मी तोंड धुऊन वर गेले. पेटीतले सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला चिकटले होते आणि तोंडं उघडमीट करत होते. एंजलसुद्धा शेपटीवर उभा राहिल्यासारखा तिरका झाला होता. खरंच ते काहीतरी घाईघाईनं सांगतायत असं वाटत होतं.

“काका, त्यांना श्वास मिळत नाहीये. पाण्यातला ऑक्सिजन संपत आलाय. पंप का बंद आहे?”

पंप नलूकाकींनी रात्री बंद केला होता. त्याच्या घरघरीनं त्यांना होडीवर झोपल्यासारखं वाटायचं आणि मळमळायचं. त्यात काका मासे उपाशी राहू नयेत म्हणून चिमटीऐवजी मुठीनं खाणं टाकायचे. ते तळाला कुजत होतं आणि कुजताना ऑक्सिजन खात होतं. शीतलनं पेटीत पाणवनस्पतीही गच्च लावलेल्या. झाडं उजेडात ऑक्सिजन देतात, पण रात्रभर स्वतःच घेतात, त्यामुळे पहाटेला पाण्यात हवा सगळ्यात कमी. वर मे महिन्याचा उकाडा. पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते. हे सगळं मी सांगत होते आणि काका पंप चालू करून, नलूकाकींच्या हातातला पितळी तांब्या ओढून घेऊन, पेटीतलं पाणी वर उचलून हातभर उंचीवरून पुन्हा आत ओतत होते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला हवं म्हणून ते ओतत होते, आणि नेमकं तेच करायला हवं होतं. पाण्याचा वरचा थर जितका हलेल तितकी बाहेरची हवा त्यात मिसळते.

थोड्या वेळानं मासे एकेक करून खाली गेले. एंजल सरळ झाला. काका घामाघूम होऊन खुर्चीवर बसले. नेहमीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मला ऐकायला वाकावं लागलं.

“मॅडम, असली तोंडं मी कितीतरी बगितली. जालं रिकामं केलं की फलीवर पडून असंच करतात. पन तवा आमी बर्फ आनायला धावायचो.”

नलूकाकी चहा घेऊन आल्या. काकांनी कपाकडे बघितलंच नाही.

“पान्यातली हवा मोजतात कशानं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, त्याची चाचणीची पेटी मिळते. बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग येतो. तो रंग कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. फिका पिवळा आला तर ऑक्सिजन कमी. गडद केशरी आला तर भरपूर. कार्डावरचा आकडा, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, पाचाच्या खाली गेला की काळजी, सहाच्या वर असला की मासे मजेत.

शीतलनं ती पेटी कुरिअरनं पाठवली आणि इमारतीची शांतता गेली.

पहिल्या चाचणीला काका, काकी, बाय आणि मी असे चौघे बाटलीभोवती उभे राहिलो. रंग आला. काका म्हणाले, सात. काकी म्हणाल्या, “सात कुठचे? अबोलीसारखा हाय. पाच.” बायला विचारलं तर ती म्हणाली, हा रंग उतरलेल्या कोळंबीचा आहे, आपण घेणार नाही. मी माझं मत दिलं, सहा. काकांनी माझ्याकडे अविश्वासानं बघितलं. माणसं समुद्रावर असताना तीन जणांना तीन दिशांना जमीन दिसली तर तांडेल ज्या नजरेनं बघत असेल, त्या नजरेनं.

“ह्याला रंगातला मानूस पायजे,” ते म्हणाले.

असा माणूस रामआळीत होता. तिथं बायकांच्या साड्यांना ब्लाउजपीस, अस्तर आणि फॉल जुळवून देणारं मॅचिंग सेंटर होतं, आणि त्याच्या मालकांनी एका नजरेत सांगितलेला रंग आजवर कुणी परत केला नव्हता, असं नलूकाकींचं म्हणणं. काकांनी ठरवलं. मला शास्त्राच्या बाजूनं बरोबर घेतलं.

अडचण अशी, की रंग आल्यावर काही मिनिटांतच बघावा लागतो. म्हणजे चाचणी दुकानातच करायला हवी. म्हणजे पेटीतलं पाणी दुकानापर्यंत न्यायला हवं, आणि नेताना त्यात बाहेरची हवा मिसळता कामा नये. मी एवढंच सांगितलं होतं, की बाटली काठोकाठ भरून, आत बुडबुडा न ठेवता झाकण लावा आणि हलवू नका. काकांनी बाटली बाळंतिणीसारखी जपत रिक्षात बसवली. बसवली म्हणजे मांडीवर, दोन्ही हातांत. मग रिक्षावाल्याला सांगितलं, “हलवू नकोस.”

“काय?”

“रिक्षा.”

पावसाआधीचे आमचे रस्ते. पहिल्या खड्ड्याला काका ओरडले, “अरे हवा मिसलली!” दुसऱ्या खड्ड्याला रिक्षावाल्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले. तिसऱ्या खड्ड्याला त्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि विचारलं, “पेशंट कुठं हाय, मॅडम?”

“घरी,” काका म्हणाले. “पेटीत.”

यानंतर तो इतका सावकाश गेला की सायकली पुढे गेल्या.

दुकानात लग्नसराईची गर्दी होती. काकांनी काउंटरवरच्या जांभळ्या अस्तराचं ठाण बाजूला सारून बाटली ठेवली, थेंब टाकले आणि मालकांना म्हणाले, “शेट, ह्याला मॅचिंग बगा.”

मालकांनी कशाचं, का, काही विचारलं नाही. त्यांचा धंदाच तो. बाटली उचलली आणि सरळ दुकानाच्या दारात गेले. “ट्यूबलाईटखाली रंग कधी बघायचा नाही,” ते म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्यामागे दारात. आणखी दोन बायका आपापली साडी हातात धरून आल्या. मालकांनी आमचं कार्ड बघितलं आणि नापसंतीनं बाजूला ठेवलं. “हे छापील. ह्याच्यावर जाऊ नका.” मग आतून फॉलच्या गुंडाळ्या मागवल्या आणि एकेक बाटलीला लावून बघू लागले.

“केशरी नव्हे.”

“नाय?” काका घाबरून म्हणाले.

“जर्दाळू आहे. पण फिका जर्दाळू.”

“अहो, आमच्या वन्सांच्या शालूचे काठ अस्सेच आहेत,” एक बाई म्हणाली.

“ते गाजरी हो,” दुसरी म्हणाली.

मालकांनी जर्दाळूची गुंडाळी कार्डाशेजारी धरली आणि तो रंग पाच आणि सहाच्या मधे, सहाकडे झुकलेला निघाला. काकांनी त्यांचा हात धरला.

“म्हंजे जगतील ना?”

मालक क्षणभर गोंधळले. मग व्यवसायाला जागून म्हणाले, “पक्का कलर आहे. जाणार नाही.”

काकांचा जीव भांड्यात पडला. मालकांनी एका पुठ्ठ्यावर लिंबू, हळदी, जर्दाळू, केशरी आणि विटकरी अशा पाच चिंध्या स्टेपल करून दिल्या. तेव्हापासून आमच्याकडे ऑक्सिजन मिलिग्रॅममध्ये मोजला गेला नाही. सकाळी दूधवाला विचारायचा, “काका, आज काय?” वरून आवाज यायचा, “जर्दाळू!” आणि सगळी गल्ली कामाला लागायची. एखाद्या दिवशी उत्तर आलं नाही तर मीच अस्वस्थ व्हायचे आणि वर जाऊन यायचे.

उन्हाळ्यात काकांनी पाण्याच्या थरावरून वारा जाईल असा टेबलफॅन लावला. त्यामुळे पाणी सव्वीस-सत्तावीसच्या पुढे तापेना. नलूकाकी आणि बाय उकाड्यात बसायच्या. फॅन फिरता ठेवा असं काकी म्हणाल्या तर काका म्हणाले, “तू खिडकीत जाऊन बसू शकतेस. त्ये शकतात काय?”  काकी खिडकीत जाऊन बसल्या.

मग एक दिवस लिंबू आला. पंप चालू, फॅन चालू, खाणं चिमटीनं, तरी लिंबू. काका माझ्या दारात उभे राहिले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं बायला काही झालं. मी वर जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरकी बॅटरी मारली. पाण्यावर पातळ, इंद्रधनुषी तवंग होता.

“तेल आहे काका. तवंगानं पाणी झाकलं गेलं की हवा आत जायला वाट राहत नाही.”

“तेल कुठनं आलं?”

आम्ही दोघांनी एकदम मान वळवली. स्वयंपाकघर चार पावलांवर, मधे दार नाही. तव्यावर सुरमईच्या तुकड्या चुरचुरत होत्या आणि त्यांचा धूर, रव्याचा आणि तेलाचा खमंग धूर, संथपणे बाहेरच्या खोलीकडे निघाला होता.

रद्दीचा कागद पाण्यावर पसरून तवंग टिपून घ्यायचा, एवढं मी सुचवलं. काकांनी तेही केलं, आणि शिवाय बंदी घातली. या घरात आजपासून मासे तळायचे नाहीत.

बाय स्वयंपाकघरातून बाहेर आली. उलथनं हातात तसंच.

“काय म्हनलास?”

“बाय, तेलान त्येंचा जीव गुदमरतो.”

“मी सारा जलम मासे इकले. तू मारलेस. आनि आता ह्या टिकल्यांसाटी माज्या घरात मासा तलायचा नाय?”

“आमटी कर की.”

“सुरमयची? आमटी?” बायनं असा आवाज काढला की मी खाली निघून आले. पुढचं मी जिन्यातून ऐकलं. ते सांगण्यासारखं नाही.

तोडगा नलूकाकींनी काढला. मासे माझ्याकडे तळायचे. मला कुणी विचारलं नाही, आणि मी नाही म्हणणार नव्हते. दुपारी बाय एकेक पायरी उतरत मसाला लावलेल्या तुकड्यांचं ताट घेऊन यायची आणि माझ्या गॅसचा ताबा घ्यायची. मग काका यायचे. माझ्या ओट्याशी उभे राहून तव्यावरचा बांगडा ते अशा प्रेमानं खायचे की काटासुद्धा चाटून पुसून निघायचा. खाऊन झालं की साबणानं हात धुवायचे, वास घ्यायचे, पुन्हा धुवायचे.

“कशाला एवढं?” मी एकदा विचारलं.

“वर जायचं हाय ना,” ते वरच्या मजल्याकडे बघत हळूच म्हणाले. “त्येंना कलतं.”

खरी परीक्षा झाली ती गणपतीत.

काकांचा गणपती म्हणजे मुंबईचे भाऊ, पुतणे, सुना, सगळे त्या दोन खोल्यांत. मखर पेटीच्या शेजारीच, कारण दुसरी जागा नव्हती. काकांनी आधीच धूप बंद केला, उदबत्ती एक आणि तीही खिडकीत. पण आरतीला माणसं उभी राहिली तशी ती मोजून काका कपाळाला हात लावून म्हणाले, “निम्मे भायेर.”

“बाहेर म्हणजे?” मधल्या भावानं विचारलं. तो परळला राहायचा.

“ग्यालरीत. एवडे सगले एका खोलीत श्वास घ्यायला लागले तर पान्यात जायला हवा कुठची उरनार?”

मी सांगून बघितलं, की खिडक्या उघड्या असताना माणसांनी एवढा फरक पडत नाही. काका म्हणाले, “मॅडम, आरतीला मानूस साधा श्वास घेत नाय.”  तेव्हा आरती दोन पाळ्यांत झाली. एक पाळी आत म्हणायची, दुसरी गॅलरीतून टाळ्या वाजवायची, मग अदलाबदल. गणपतीला दोनदा आरती मिळाली, त्याची काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपत असताना वादळी पाऊस आला. नारळाची एक झावळी कडाडून तारांवर पडली आणि लाईट गेली. पंपाची घरघर थांबली. 

काका शांत होते. अशा वेळेसाठी त्यांनी सेलवर चालणारा छोटा पंप आणून ठेवला होता. त्यांनी तो काढला, नळी पाण्यात सोडली, बटण दाबलं. काही नाही. झाकण उघडलं. आत सेल नव्हते. नलूकाकींच्या भावानं सकाळी सामना बघायला ते टीव्हीच्या रिमोटला घातले होते. रिमोटमधून काढून परत घातले, तर तेही संपत आलेले. पंपानं दोन बुडबुडे सोडले आणि मान टाकली.

दुकानं बंद, रस्त्यावर गुडघाभर पाणी. पेटीतले मासे हळूहळू वर यायला लागले. आधी निऑन, मग गप्पी. शेवटी एंजल, तोच तिरका.

काकांनी मग होडीवर देत तसा हुकूम दिला. एवढ्या वर्षांत मी ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज. “वाट्या, पेले, तांबे, काय असेल ता घ्या! पानी उचलायचं, वरनं सोडायचं! थांबायचं नाय!”

आणि परळचे, घाटकोपरचे, डोंबिवलीचे पिलणकर, मोदक खाऊन सुस्तावलेले, सोवळ्यातले, लुंगीतले, पेटीभोवती उभे राहून वाट्यावाट्यांनी पाणी वर उचलून खाली ओतू लागले. आधी सगळ्यांचे हात एकमेकांत अडकले. पाणी पेटीपेक्षा जमिनीवर जास्त. मग कोणीतरी टाळ घेतले. वाटी वर, वाटी खाली, असा ठेका सापडला आणि ते जाखडीच्या नाचातल्यासारखे गोल फिरत ओतायला लागले. दमला तो मागे, पुढचा पुढे. सुना पदर खोचून पाळीत शिरल्या. नलूकाकींच्या भावाला काकांनी शिक्षा म्हणून पाळी बदलू दिली नाही. मीही माझ्या स्टीलच्या पेल्यानं दोन फेऱ्या घातल्या. मखरातून गणपती हे सगळं बघत होता.

पाऊस थांबेना, लाईट येईना. एकेक जण गळायला लागला. हात दुखतायत म्हणून परळचा भाऊ बसला. टाळ थांबले. काका एकटे उरले, पण आता त्यांनी एका हातानं भिंत धरली होती. पेटीवर वाकून ते म्हणाले, “थांबा रे, थांबा जरा,” आणि ते कोणाला म्हणाले ते सगळ्यांना कळलं.

तेव्हा बाय आतून आली. हातात पाट. तिनं तो पेटीजवळच्या स्टुलावर ठेवला, त्यावर चढून बसली आणि मुलाच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“सर बाजूला,” ती म्हणाली.

आयुष्यभर मार्केटात बसून माशांवर पाणी मारत राहिलेला हात होता तो. घाई नाही, थेंब बाहेर नाही. तांब्या वर जायचा, बारीक धार पडायची, पाणी फेसाळायचं. आणि प्रत्येक तांब्याला एक शिवी. “घे मेल्या. घे श्वास. माजा तवा बंद केलास. घे. एवडुसा जीव नि केवडी मिजास. घे.” ती ओतत राहिली. कुणी तांब्या मागितला तर हात झटकायची. बाहेरचा उजेड मावळायला आला तेव्हा दिवे आले, पंप घरघरला आणि सगळे पिलणकर एकदम ‘मोरया’ म्हणून ओरडले.

पेटीत सगळे मासे होते. एंजल तळाजवळ, सरळ.

बाय स्टुलावरून उतरली. मनगट चोळत ती पेटीजवळ गेली, काचेला नाक लावून बराच वेळ आत बघत राहिली. काका तिच्या मागे उभे होते. 

“वासू,” ती म्हणाली, “ह्यो चपटा जरा वाडलाय रे.”

मासे तळायची बंदी मात्र तशीच राहिली, आणि बायनं पुन्हा कधी त्यावर वाद घातला नाही. दुपारी माझ्याकडे येताना ती मार्केटातल्या कोळंबीचा चिमूटभर कूट वेगळा काढून पेटीजवळ ठेवून यायला लागली. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही.

पुढे शीतलनं ठाण्यात स्वतःचं घर घेतलं. काकांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया करायची, तर तिकडेच राहा, असं तिनं ठरवलं. बाय धाकट्या मुलाकडे जयगडला गेली. ठाण्याला समुद्र आहे म्हणतात तो खरा नव्हे, खाडी आहे, एवढं कारण तिला पुरलं. पेटी टेम्पोनं पुढे गेली. मासे काकांनी टेम्पोवाल्याच्या हाती दिले नाहीत.

स्टेशनवर मी सोडायला गेले होते. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानातून त्यांनी मासे बांधून आणले होते: जाड प्लास्टिकची पिशवी, खाली थोडं पाणी, वर शुद्ध ऑक्सिजन भरून, तोंडाला रबर. फुगून टणक झालेली. काका दोन्ही हातांत ती छातीशी धरून फलाटावर उभे होते. बोट ओलं करायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी मला विचारलं, “मॅडम, वारा कुठचा?” मी अंदाजानं समुद्राकडे मान केली. त्यांना ते पटलं नाही असं दिसलं.

डबा एसीचा होता. नलूकाकी आत जाऊन बसल्या. काका आत गेले, आणि लगेच परत दाराशी आले.

“आत कोंडल्यासारखं व्हतंय,” ते म्हणाले.

“काका, पिशवीत भरपूर ऑक्सिजन आहे. ठाण्याच्याही पुढे पुरेल. बाहेरच्या हवेचा तिच्याशी काही संबंध नाही.”

“ता मला म्हायत हाय,” ते म्हणाले. पण दारातून हलले नाहीत.

गाडी सुटली. आतून कोणीतरी दार लावा म्हणून ओरडत होतं. काका उघड्या दारात पाय फाकवून, दांडीला पाठ टेकवून, पिशवी धरून उभे. फलाटाच्या टोकाशी गाडी आली तेव्हा त्यांना निरोपाचा हात करायचा होता. दोन्ही हात गुंतलेले. म्हणून त्यांनी पिशवीच वर उचलली आणि माझ्याकडे बघून जोरजोरात हलवली. आणि मग एकदम, आपण काय करतोय ते लक्षात आल्यासारखे, तिच्यावर ओणवे झाले, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिच्याशी काहीतरी बोलत राहिले.